उंबरठ्याच्या आतला गंज : माझदा एमएक्स-५ वरून चकचकीत आणि खालून पोकळ का होते?

वरचा लाल रंग आरशासारखा, इंजिन पहिल्याच चावीला चालू, कापडी टप नीट बसतो. तरीही एमओटीच्या कागदावर शेरा येतो : नापास, मागच्या चाकापुढे पत्रा गंजून भोक. एमओटी म्हणजे ग्रेट ब्रिटनमधली गाडीची सक्तीची तपासणी. गाडी ३ वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने हौसेने जुनी एमएक्स-५ घेतली, की त्याला पहिला धक्का बहुधा इंजिनाचा बसत नाही, गंजाचा बसतो. दोन माणसांची ही उघडी, हलकी गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आली. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली, दुसरी १९९८ ते २००५. पुढे जे सांगितलंय ते या दोन पिढ्यांबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करायला हवी. या गाडीचा जीवघेणा गंज बाहेरून आत जात नाही, तो आतून बाहेर येतो. रंगावर बोटाच्या पेराएवढा फोड दिसतो, तेव्हा आतला पत्रा तळहाताएवढा गेलेला असू शकतो. म्हणून फक्त बाहेरून घासून रंगवणं हा इलाज होत नाही.

गंज चढतो म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंडावर पाण्याचा एक थेंब बसला आहे असं समजा. थेंबाच्या कडेला हवा भरपूर पोहोचते, मधोमध कमी. एवढ्या फरकानेच तिथे एक चिमुकली बॅटरी तयार होते. मधलं लोखंड विरघळू लागतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथे पाणी व प्राणवायू त्यांना घेतात. विरघळलेलं लोखंड आणखी प्राणवायूला भेटलं की तांबूस गंज होतो.

यातली मेख अशी, की लोखंड खाल्लं जातं ते हवा कमी पोहोचते तिथे. चिखलाच्या थराखाली, दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यात, सुटत आलेल्या रंगाखाली. गाडीच्या सपाट, उघड्या पोटावर नुसता तांबूस रंग चढतो आणि सांधे मात्र कुरतडले जातात, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे गंज फुगतो. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा तो घेतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींत स्लॅबचे पोपडे पडतात, कारण आतला गज गंजून फुगतो आणि काँक्रीटला ढकलतो. गाडीच्या सांध्यात तोच प्रकार होतो. गंज पत्रे फाकवतो, फट वाढते, आणखी पाणी आत जातं.

मीठ इतकं का छळतं?

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खाणीतलं खडेमीठ पसरतात. त्यातलं बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. चाकांनी उडवलेलं हे खारं पाणी गाडीच्या पोटाला लागतं. मिठाने पाणी जास्त चांगली वीज वाहून नेतं, म्हणजे ती चिमुकली बॅटरी जोरात चालते. शिवाय मिठातलं क्लोराईड लोखंडावर टिकू पाहणारा संरक्षक थरही टिकू देत नाही.

पण खरी खोड वेगळीच आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत असतं. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. ब्रिटनच्या हिवाळ्यात हवा बहुतेक वेळ तेवढी दमट असतेच. त्यामुळे पोटाला मीठ चिकटलेली गाडी पाऊस नसतानाही ओलीच राहते.

याच गाडीच्या उंबरठ्यावर संक्रांत का?

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची जी पोकळ पेटी जाते, तिला गॅरेजवाले सिल म्हणतात. आपण उंबरठाच म्हणू. बुटांच्या खोक्याचं झाकण काढून खोकं पिळून पाहा, लगेच वाकडं होतं. एमएक्स-५ ला पत्र्याचं छप्परच नाही, म्हणजे झाकण नसलेलं खोकं. गाडी पिळवटू न देण्याचं मोठं ओझं दोन्ही बाजूंच्या उंबरठ्यांवर येतं. छप्पर असलेल्या गाडीत कमकुवत उंबरठा काही काळ निभावतो, इथे तो निभावत नाही.

आता या पेटीत पाणी येतं कुठून? कौलारू घराच्या पन्हळीत पानं अडकली की पाणी भिंतीवरून उतरतं, तसंच हे आहे. टपावरचं पाणी त्याच्या मागच्या कडेने एका पट्टीत जमतं. तिथून ते सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या तोंडांतून, नळ्यांवाटे, मागच्या चाकांच्या पुढ्यात गाडीखाली पडायला हवं. या नळ्यांत पानांचा कुजका लगदा, धूळ आणि टपाच्या कापडाचे तंतू अडकतात. मग पाणी तुंबून आत उतरतं आणि उंबरठ्याच्या मागच्या टोकाला साचतं. नेमकं तिथेच पत्र्याचे तीन थर एकावर एक आहेत. ओल अडकायला त्याहून सोयीची जागा पूर्ण गाडीत नाही.

उंबरठ्याच्या तळालाही पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजतात. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या मालकाने प्रेमाने मारलेल्या काळ्या लेपानेही बुजतात. मग पेटी हौदासारखी भरलेली राहते.

तपासणी सोपी आहे. टप अर्धा उघडा, सीटमागचा गालिचा उचला, नळीचं तोंड शोधा आणि त्यात १ लिटर पाणी सावकाश ओता. काही सेकंदांत तेवढंच पाणी मागच्या चाकापुढे जमिनीवर पडलं पाहिजे. थेंबथेंब पडलं किंवा आत तुंबलं, तर नळी चोंदली आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची जाड दोरी घ्या. तिचं टोक मेणबत्तीवर वितळवून बोथट करा आणि वरून हलक्या हाताने फिरवत खाली घाला. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. दाबाने नळी आतल्या आत सुटते, आणि मग पाणी थेट उंबरठ्यातच जातं. हे काम वर्षातून दोनदा करावं : पानगळ संपल्यावर आणि वसंतात. पंधरा मिनिटांच्या या कामाने जेवढा पत्रा वाचतो, तेवढा कुठल्याही महागड्या रसायनाने वाचत नाही.

दुसऱ्या पिढीचं आणखी एक दुखणं

१९९८ ते २००५ च्या गाड्यांत पुढच्या बाजूला, इंजिनच्या दोन्ही अंगांना चासीचे जे पोकळ दांडे आहेत, त्यांचीही तशीच तपासणी हवी. धडकेत जोर सोसावा म्हणून त्यांच्या आत आणखी एक पत्रा घातलेला आहे. दोन पत्र्यांमध्ये ओल धरते आणि दांडा आतून सडतो. खाली प्लास्टिकचं आवरण असल्याने वर्षानुवर्षं कोणाला पत्ताही नसतो. एमओटी करणारा माणूस बोल्ट लावलेलं आवरण उघडत नाही, म्हणून 'गेल्या वर्षी तर पास झाली होती' हा पुरावा मानू नये. १० नंबरच्या पान्याने आवरण काढा आणि अँटी-रोल बार जिथे बसतो त्याच्या आसपास नीट पाहा. हा बार म्हणजे वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून लावलेली आडवी सळई.

कानाने आणि हाताने तपासणी

गाडी आधी चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, गाडी सुमारे १ टनाची आहे. जॅक लावायचा तो पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या दणकट दांड्याच्या मध्यावर, आणि मागे डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीखाली. सडक्या उंबरठ्याला लावला तर जॅक पत्र्यात घुसेल.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने उंबरठा पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला भदभद वाजतो, आणि कधी आत खपल्या झडल्याचा खुळखुळ आवाजही येतो. आता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. मागच्या चाकापुढचा वीतभर भाग आणि खालची कड इथे हात आखडता घेऊ नका. टोक आत गेलं तर तो पत्रा आधीच गेलेला होता, तुम्ही भोक पाडलेलं नाही. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबकही फिरवा. ते जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरली आहे.

वरवरचा तांबूस रंग, सुटणाऱ्या खपल्या आणि भोक अशा तीन पायऱ्या धरा. पहिल्या दोन घरी हाताळता येतात. तिसरीला वेल्डिंगशिवाय गती नाही.

धुणं, खरवडणं, रंगवणं

हिवाळ्याचं मीठ थांबलं की, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये, गाडीचं पोट साध्या पाईपने भरपूर पाण्याने धुवा. जोराचा फवारा सांध्यांत मारू नका, मीठ आणखी आत जातं. पुढच्या चाकावरची प्लास्टिकची आवरणं काढली की मडगार्डच्या तळाशी, उंबरठ्याच्या पुढच्या टोकावर, मूठमूठभर माती सापडेल. ती बोटांनी उकरून काढा. नंतर किमान दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्या. ओल राहिली तर पुढचं सगळं वाया जातं.

खपल्या निघेपर्यंत वायर ब्रश आणि ग्राइंडर चालवा. इथे एक फसवणूक होते. फिरता वायर ब्रश गंजाला घासून गुळगुळीत, चकचकीत तपकिरी करतो आणि पत्रा साफ झाल्याचा भास होतो. म्हणून शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि पांढरा धातू दिसेपर्यंत थांबू नका. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला चांगल्या प्रतीचा मास्क हवाच, कारण जुन्या लेपाची धूळ छातीला वाईट.

खड्ड्यांच्या तळाशी उरलेल्या गंजासाठी कन्व्हर्टर वापरतात. हे गंजाला टिकाऊ संयुगात बदलणारं रसायन आहे. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तसाच टॅनिक आम्लाचा कन्व्हर्टर गंजाला काळा करतो. फॉस्फोरिक आम्लाचा करड्या रंगाचा थर देतो. पण दोन्ही फक्त वरच्या पातळ थरापर्यंत पोहोचतात. जाड खपलीवर ओतलात तर वर काळं कवच आणि खाली जिवंत गंज राहतो. फॉस्फोरिकचा जास्तीचा चिकटा डब्यावर सांगितल्याप्रमाणे पुसून किंवा धुऊन काढा, नाहीतर वरचा रंग धरत नाही.

यानंतर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. साधा एका डब्यातला प्रायमर बहुधा पाणी शोषतो, गाडीच्या पोटाखाली तो चालत नाही. हवा १० अंश सेल्सिअसपेक्षा गार नको आणि पत्र्यावर दव धरलेलं नको. प्रायमरवर सांध्यांमध्ये सीलर भरा, पॉलियुरेथेनचा चालतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन मात्र अजिबात नको. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो, ते पत्र्याला खातं, आणि सिलिकॉनवर रंगही चिकटत नाही. शेवटी रंगाचे दोन हात.

पत्र्याचं काम चाललंच आहे तर ब्रेकच्या लोखंडी पायपांवरही बोट फिरवून पाहा. खडबडीत, फुगलेले लागले तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पाईप टाकून घ्या. मागच्या सस्पेन्शनचे चाकांचा कोन जुळवायचे लांब बोल्टही एकेक करून सोडवा. त्यांची मूळ खूण आधी पांढऱ्या रंगाने आखून ठेवा आणि ग्रीस लावून परत बसवा. हे बोल्ट आतल्या नळीत एकजीव झाले की कापूनच काढावे लागतात.

भोक पडलंच असेल तर?

फायबर, पुट्टी किंवा रिबिटने चिकटवलेलं ठिगळ एमओटीला चालत नाही, आणि चालूही नये. सीट बेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक जिथे गाडीला जोडलेले असतात तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा भार वाहणारा मानतात. तिथे अखंड वेल्डिंगच लागतं. उंबरठ्याचं मागचं टोक याच हद्दीत येतं.

सीओटू वेल्डिंगवाल्याकडे काम देताना काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. गंजलेला बाहेरचा पत्रा कापल्यावर आतलाही पाहायचा आणि तो सडला असेल तर आधी तो बदलायचा. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवला तर वर्ष-दोन वर्षांत पैसे पाण्यात. उंबरठा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा टेकू वेल्ड किंवा बोल्ट करून बसवायचा. छप्पर नसल्याने टेकूशिवाय गाडी मध्यात दबते आणि नंतर दार लागत नाही. कामाआधी दाराच्या फटींचं माप लिहून ठेवा आणि नंतर ताडून पाहा. पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा असल्याने एका दमात लांब टाका मारायचा नाही. आलटूनपालटून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे टाके मारत शेवटी सलग करायचे.

या गाडीची बॅटरी डिकीत असते, तिची वायर काढून ठेवा. पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच आहे आणि पेट्रोलचे पाईप पोटाखालून जातात. गालिचा, सीट, वायरी बाजूला न करता ठिणगी पाडणाऱ्या कारागिराला गाडी देऊ नका. आणि वेल्डिंग नेहमी मेणाच्या आधी, कारण पोकळीतलं मेण पेट घेतं.

पोकळीत मेण, सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

लोखंडी तवा किंवा विळी धुऊन पुसून तेलाचा हात लावून ठेवतात. उंबरठ्याच्या आतही तेच करायचं आहे. यासाठी कॅव्हिटी वॅक्स मिळतं. ते फवारताना पातळ असतं, सांध्यांत शिरतं, मग दाट होतं पण कडक होत नाही. त्यामुळे तडा जात नाही.

साधारण ५०० मिलिलिटरचा एक डबा एका उंबरठ्याला धरा, पुढच्या दांड्यांना आणखी एक. डबे आधी कोमट पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवा, उकळत्या पाण्यात कधीच नाही. टोकाला चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी घ्या. रबरी बुचांच्या आणि निथळीच्या भोकांतून ती आत घाला, पार शेवटपर्यंत ढकला आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढा. तळाच्या भोकांतून मेण टपकू लागलं की तिथे पोहोचलं असं समजा. वेल्डिंग झालं असेल तर त्या जागेच्या आतल्या बाजूला जास्त मारा, कारण उष्णतेने तिथला मूळ रंग जळून गेलेला असतो आणि पत्रा उघडा पडलेला असतो. ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर आणि रबरी बुश यांवर मेण जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी काडेपेटीतली काडी निथळीच्या प्रत्येक भोकातून फिरवा. मेणाने भोक बुजलं तर सगळ्या खटपटीनंतर तोच हौद पुन्हा तयार होतो.

काळं अंडरकोटिंग मारून घेतलं की झालं ना?

नाही. डांबरी किंवा रबरी काळा लेप काही वर्षांत कडक होतो, त्याला केसासारखे तडे जातात, आणि आत शिरलेलं पाणी लेपाखालीच राहतं. वरून काळं कुळकुळीत, खाली खपल्या. स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर लेप ठीक आहे. गंजावर तो पांघरूण ठरतो. विकायला काढलेल्या गाडीच्या पोटाला ताजा काळा लेप दिसला, तर जपून.

'गाडी तर गॅरेजातच असते'

मीठ लागलेली ओली गाडी उबदार, बंद गॅरेजात ठेवली तर ती बाहेरच्या थंडीत ठेवलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते. उष्णतेने गंजण्याचा वेग वाढतो आणि ओल जायला वाट नसते. आधी धुवा, वारं लागू द्या, मग आत घ्या.

बॅटरीला जोडून गंज थांबवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचं काय?

जहाजाचा तळ विजेने वाचवता येतो, कारण जहाज पाण्यात बुडालेलं असतं आणि समुद्र विजेचं वर्तुळ पूर्ण करतो. गाडी हवेत असते, तिथे वर्तुळच पूर्ण होत नाही. ते पैसे मेणाला लावा.

घेण्याआधी काय पाहावं?

ब्रिटनमध्ये कुठल्याही गाडीचा नंबर टाकून तिच्या जुन्या एमओटी तपासण्या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नापासाच्या शेऱ्यांपेक्षा सूचना, म्हणजे गाडी पास करतानाही 'याकडे लक्ष ठेवा' म्हणून लिहिलेले शेरे, वाचा. सलग दोन-तीन वर्षं 'उंबरठ्याला गंज' असं लिहिलेलं असेल आणि पुढच्या वर्षी तो शेरा एकदम गायब झाला असेल, तर वेल्डिंगचं बिल आणि कामाचे फोटो मागा. दोन्ही नसतील तर तिथे लोहचुंबक फिरवा.

मुंबई-कोकणातल्या गाड्यांना हे लागू आहे का?

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेलीच नाही, पण पत्रा आणि मीठ तेच. रत्नागिरी, मालवण, वसईत रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, तरी खारा वारा ते आणून देतो. पावसाळ्यात आर्द्रता ७५ टक्क्यांखाली क्वचित उतरते, आणि ऊबही भरपूर. त्यात चाकावरच्या पोकळीत लाल माती घट्ट बसते आणि आठवडेच्या आठवडे ओली राहते. दसऱ्याच्या पूजेला गाडी धुतात तेव्हा पाईप खालूनही फिरवा, पाऊस नुकताच संपलेला असतो. मेणाचं काम मात्र मे महिन्यात उरका. पोकळी कोरडी असते आणि उन्हाने पत्रा तापलेला असतो, त्यामुळे मेण पातळ होऊन सांध्यात पार आतपर्यंत उतरतं.